कोड केलेल्या मुलाखतींचा क्रॉसटॅब: फाईल तयार करण्यापासून चौकट वाचण्यापर्यंत

मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे उताऱ्यांना विषयांची नावं (कोड) लावणं, संपत आलं की पुढचा प्रश्न उभा राहतो: कोणत्या गटातले लोक काय बोलले, आणि कोणता गट कशाबद्दल गप्प राहिला? हे एका नजरेत पाहायचं साधन म्हणजे क्रॉसटॅब. ओळींत कोड, रकान्यांत लोकांचे गट आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. मॅक्सक्यूडीए, एनव्हिवो, ॲटलस टीआय अशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तो दोन-चार क्लिकमध्ये तयार होतो. त्या आकड्याने नेमकं काय मोजलं हे ठरवलेलं नसतं, आणि तो तसाच प्रबंधात जातो. मग तोंडी परीक्षेत ‘हे १८ म्हणजे १८ माणसं की १८ वाक्यं?’ असा साधा प्रश्न आला की उत्तर सापडत नाही.

समाजकार्य, सामुदायिक आरोग्य, नगररचना अशा विषयांत मराठी मुलाखतींवर काम करणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी यांसारख्या वस्त्यांत आणि सीताबर्डीच्या सखल भागात पाणी शिरलं. समजा, या पुरावर तुम्ही २४ मुलाखती घेतल्या आहेत: १० घरमालक, ८ भाडेकरू, ६ दुकानदार. मुलाखती, त्यांतली वाक्यं आणि पुढचे सगळे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत.

कुठला तक्ता हवा आहे?

सॉफ्टवेअरमध्ये सारखे दिसणारे तीन तक्ते असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पहिल्यात प्रत्येक मुलाखत स्वतंत्र रकान्यात असते. कोणत्या मुलाखतीत कोणता कोड किती वेळा आला, हे तो सांगतो. दुसऱ्यात ओळींतही कोड आणि रकान्यांतही कोड असतात, म्हणजे एकाच उताऱ्यावर कोणते दोन कोड एकत्र पडले ते कळतं. तिसरा खरा क्रॉसटॅब: मुलाखती एखाद्या व्हेरिएबलनुसार (म्हणजे घरमालक की भाडेकरू अशा नोंदलेल्या माहितीनुसार) गटांत विभागलेल्या आणि कोड त्या गटांपुढे मांडलेले. ‘भाडेकरू पंचनाम्याबद्दल काय म्हणतात’ हा प्रश्न तिसऱ्या तक्त्याचा आहे. ‘पंचनाम्याबद्दल बोलताना लोक संतापतात का’ हा दुसऱ्याचा. प्रश्न आधी कागदावर एका वाक्यात लिहा, म्हणजे तक्ता आपोआप ठरतो.

मुलाखतींच्या फाईली: देवनागरीत काय बिघडतं

लिप्यंतर, म्हणजे मुलाखत ऐकून टाइप केलेला मजकूर, युनिकोडमध्येच असायला हवं. श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाईल सॉफ्टवेअरमध्ये घेतली तर फाँट लावल्यावर ती दिसते, पण आतली अक्षरं मराठी नसतात. शोध चालत नाही आणि निर्यात केलेल्या तक्त्यात गिचमिड येते. ती आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहा, कारण जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतातच. पीडीएफ टाळा. देवनागरी पीडीएफमधून मजकूर घेताना ऱ्हस्व इकार आणि रफार जागा सोडतात. वर्डची डॉक्स फाईल सगळ्यात निर्धोक.

आता एक बारीक गोष्ट, जी मराठीत काम करणाऱ्यालाच भेडसावते. ‘अधिकाऱ्यांनी’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. लिप्यंतर दोघांनी दोन वेगळ्या कीबोर्डवर केलं असेल, तर ‘अधिकाऱ्यांनी’ शोधल्यावर एकाच्याच मुलाखती सापडतील. शेजाऱ्यांनी, कर्मचाऱ्यांनी या शब्दांचंही तसंच. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध टाइप होतं, किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन. कोडिंगला हात लावण्याआधी सगळ्या फाईलींत शोधा-आणि-बदला वापरून एकच रूप करून घ्या. कोडिंग झाल्यावर मजकूर बदलत बसणं त्रासाचं असतं.

फाईलींची नावं छोटी आणि अक्षराने सुरू होणारी ठेवा: मु०१, मु०२ … मु२४. नुसता आकडा दिला तर एक्सेल पुढचं शून्य गाळतं आणि नाव जुळत नाही. माणसाचं नाव, गल्ली, दुकानाची पाटी यांतलं काहीही फाईलीच्या नावात नको.

व्हेरिएबलचा तक्ता

एक्सेलमध्ये एक शीट करा. एका मुलाखतीला एक ओळ. पहिल्या रकान्यात फाईलचं नाव, पुढे व्हेरिएबल: गट, मजला, वस्ती, जागा स्वतःची की भाड्याची, मुलाखतीची भाषा, मुलाखत कोणी घेतली, कोडिंग कोणी केलं. शेवटची तीन बहुतेकांना निरर्थक वाटतात. त्यांतली भाषा आणि कोडिंग करणारा यांची नोंद का हवी ते पुढे येईल.

व्हेरिएबलची मूल्यं हाताने टाइप करू नका. एक्सेलमधल्या डेटा व्हॅलिडेशनची यादी लावा. ‘भाडेकरू’ आणि ‘भाडेकरु’ ही दोन मूल्यं पडली की क्रॉसटॅबमध्ये दोन रकाने येतात. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक स्पेसही तेच करते, आणि ती दिसतही नाही. वय, वर्ष अशा संख्या इंग्रजी अंकांत ठेवा, कारण देवनागरी अंक सॉफ्टवेअर संख्या म्हणून वाचेलच असं नाही. सीएसव्ही करायची असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा. साध्या सीएसव्हीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

माहिती नसेल तिथे घर रिकामं सोडण्यापेक्षा ‘माहीत नाही’ लिहा. रिकाम्या मूल्याची मुलाखत काही सॉफ्टवेअरमध्ये तक्त्यातून गुपचूप गळते. तक्ता आल्यावर पहिली तपासणी हीच: रकान्यांतल्या मुलाखतींची बेरीज २४ येते का? २३ आली तर पुढे जाऊ नका, गळालेली मुलाखत शोधा.

कोडिंग मोजण्याजोगं आहे का?

कोडिंग वाचण्यासाठी केलेलं असतं. ते मोजायचं म्हटलं की काही सवयी नडतात.

उताऱ्याची लांबी ही त्यातली मोठी. एकजण पूर्ण उत्तराला एकदा ‘पंचनामा’ लावतो, दुसरा त्याच उत्तरातल्या पाच वाक्यांना पाच वेळा. माणूस तोच, बोलणं तेच, आकडा पाचपट. नियम ठरवा आणि कोडबुकमध्ये, म्हणजे कोडांच्या व्याख्यांच्या यादीत, लिहून ठेवा. एका प्रश्नाला दिलेल्या एका सलग उत्तरात एक कोड एकदाच, हा नियम बहुतेक कामाला पुरतो.

दुसरी गोष्ट कामाची वाटणी. दोघांनी कोडिंग करायचं ठरलं आणि एकाने सगळे घरमालक घेतले, दुसरीने सगळे भाडेकरू, तर क्रॉसटॅबमधला फरक गटांचा आहे की कोडिंग करणाऱ्यांच्या हाताचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. प्रत्येकाच्या वाट्याला तिन्ही गट यायला हवेत. ‘कोडिंग कोणी केलं’ हे व्हेरिएबल त्यासाठीच. एकदा त्यावरही क्रॉसटॅब काढून पाहा. एका कोडमध्ये दोघांत मोठी तफावत दिसली तर त्या कोडची व्याख्या सैल आहे.

तिसरी गोष्ट शब्द शोधून आपोआप कोड लावण्याची. नागपुरात माणूस एकाच वाक्यात मराठीतून हिंदीत जातो. ‘पंचनामा’ शोधलात तर ‘सर्वे हुआ’, ‘लिहून नेलं’, ‘मुआवजा मिला नहीं’ हे सगळं सुटतं. हिंदी जास्त बोलणारे लोक एखाद्या गटात अधिक असतील, तर त्या गटाचा आकडा कमी दिसेल आणि तुम्ही लिहाल की त्यांना पंचनाम्याची फिकीर नव्हती. हा निष्कर्ष सरळसरळ खोटा ठरेल. शोधाने उतारे गोळा करायला हरकत नाही, पण शब्दयादीत बोलीतले आणि हिंदीतले पर्याय घाला, आणि कोड लावण्याचा निर्णय वाचूनच घ्या.

सॉफ्टवेअरमधल्या पायऱ्या

आवृत्तीनुसार मेनूतली नावं थोडी सरकतात, क्रम मात्र तोच राहतो.

मॅक्सक्यूडीएमध्ये आधी ‘व्हेरिएबल्स’ टॅबमधून डॉक्युमेंट व्हेरिएबलची एक्सेल शीट आयात करा. शीटमध्ये डॉक्युमेंट ग्रुप आणि डॉक्युमेंटचं नाव असे दोन रकाने लागतात, आणि ते प्रकल्पातल्या नावांशी अक्षर न् अक्षर जुळायला हवेत. मग हवे ते कोड आणि मुलाखती सक्रिय करा. ‘मिक्स्ड मेथड्स’ टॅबमधून ‘क्रॉसटॅब’ उघडा, व्हेरिएबल निवडून त्याची मूल्यं रकाने म्हणून घाला, फक्त सक्रिय कोड आणि सक्रिय डॉक्युमेंट यांचे पर्याय टिक करा. तक्ता आला की वरच्या पट्टीवर उताऱ्यांची संख्या, ओळीची टक्केवारी, रकान्याची टक्केवारी असे पर्याय असतात. त्यांतलाच एक आहे, एका डॉक्युमेंटमधला कोड एकदाच मोजण्याचा. तो बंद असतो तेव्हा उतारे मोजले जातात, सुरू केला की मुलाखती. चौकटीवर डबल क्लिक केल्यावर त्या चौकटीतले उतारे समोर येतात.

एनव्हिवोचा पाया ‘केस’ या कल्पनेवर आहे; इथे एक मुलाखत म्हणजे एक केस. कोड फाईलवर लागतात, पण व्हेरिएबल केसला चिकटतात. म्हणून आधी सगळ्या फाईली निवडून उजव्या क्लिकने ‘क्रिएट ॲज केसेस’ करा, त्यांना क्लासिफिकेशन द्या आणि क्लासिफिकेशन शीट आयात करून मूल्यं भरा. मग ‘एक्सप्लोर’ टॅबमधून क्रॉसटॅब क्वेरी: ओळींत कोड, खाली क्लासिफिकेशन, रकान्यांत ॲट्रिब्यूट (व्हेरिएबलला इथे हे नाव आहे). सगळ्या चौकटींत शून्य आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा केस तयार असते, पण मुलाखतीचा मजकूर त्या केसला कोड झालेला नसतो. केस उघडून आत मजकूर दिसतो का, एवढं पाहिलं की उलगडा होतो.

ॲटलस टीआयमध्ये डॉक्युमेंट ग्रुप करा आणि ‘ॲनालाइज’ टॅबमधला कोड-डॉक्युमेंट तक्ता उघडा. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला ग्रुप. इथली खोच अशी की एक मुलाखत दोन ग्रुपांत असू शकते. वर घर आणि खाली स्वतःचं दुकान असलेला माणूस घरमालकांतही टाकला आणि दुकानदारांतही, तर त्याचे उतारे दोनदा मोजले जातात आणि एकूण बेरीज फुगते. ‘बायनराइझ’ हा पर्याय चालू केला की कितीही उतारे असले तरी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच धरलं जातं. तो वापरताना रकान्यांत ग्रुपऐवजी सुट्या मुलाखती ठेवा, आणि गटाची बेरीज एक्सेलमध्ये करा.

परवाना परवडत नसेल तर क्वालकोडर हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात केस, ॲट्रिब्यूट आणि अहवाल तिन्ही आहेत. टॅगेट त्याहून सोपं, पण त्यात मुलाखतींना व्हेरिएबल लावता येत नाहीत. तरी अडत नाही: कोड केलेले उतारे एक्सेलमध्ये निर्यात करा, एका उताऱ्याला एक ओळ, आणि व्हेरिएबलच्या शीटमधून ‘गट’ हा रकाना व्हीलूकअपने ओढून घ्या. सूत्राच्या शेवटच्या जागी शून्य टाकायला विसरू नका, नाहीतर एक्सेल जवळपासचं मूल्य उचलतं आणि चूक लक्षातही येत नाही. मग पिव्होट टेबल: ओळींत कोड, रकान्यांत गट, व्हॅल्यूमध्ये उताऱ्यांची मोजणी. मुलाखती मोजायच्या असतील तर शीटची प्रत करून तीत फाईलनाव, कोड आणि गट एवढेच रकाने ठेवा, ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ चालवा आणि त्यावर पिव्होट काढा. या वाटेत एक धोका आहे. ज्या मुलाखतीत एकही कोड नाही ती पिव्होटमध्ये दिसतच नाही. म्हणून गटातली एकूण माणसं नेहमी व्हेरिएबलच्या शीटवरून घ्या, पिव्होटच्या बेरजेवरून कधीच नको.

उतारे मोजायचे की माणसं?

सगळा क्रॉसटॅब या एका निर्णयावर उभा असतो. ‘पंचनामा’ या कोडची ओळ पाहा.

| | घरमालक (१०) | भाडेकरू (८) | दुकानदार (६) |
|---|---|---|---|
| उतारे | १८ | २० | २२ |
| मुलाखती | ९ | ६ | ४ |
| मुलाखतीमागे उतारे | १.८ | २.५ | ३.७ |

उतारे मोजले तर दुकानदार सगळ्यात पुढे: ६० पैकी २२. सॉफ्टवेअर ओळीची टक्केवारी ३६.७ दाखवेल आणि लिहिणाऱ्याचा हात लगेच ‘पंचनाम्याचा प्रश्न दुकानदारांना सर्वाधिक जाचला’ या वाक्याकडे जाईल. माणसं मोजा, क्रम उलटतो: घरमालक १० पैकी ९, भाडेकरू ८ पैकी ६, दुकानदार ६ पैकी ४.

मग २२ आले कुठून? चौकट उघडा. त्यातले १३ उतारे एकाच मुलाखतीतले निघाले. हा माणूस बोलका होता, कार्यालयाच्या फेऱ्यांची हकिगत त्याने तपशिलात सांगितली आणि प्रत्येक फेरीवर कोड पडला. त्याला बाजूला ठेवलं तर उरलेल्या ५ दुकानदारांचे ९ उतारे, म्हणजे मुलाखतीमागे १.८. घरमालकांइतकेच.

म्हणून आमचा आग्रह असा: पहिला तक्ता नेहमी माणसांचा काढा. किती जणांनी हा विषय काढला, हे त्यातून कळतं. उताऱ्यांचा तक्ता शेजारी ठेवा, कारण एखादा माणूस एका विषयावर वारंवार येतो यालाही अर्थ असतो. पण तो अर्थ त्या माणसाचा असतो, गटाच्या नावावर चढवता येत नाही. दोन तक्त्यांत जिथे क्रम बदलतो त्या चौकटी आधी वाचा.

मुख्य कोड आणि उपकोड असतील तर बेरजेकडे लक्ष द्या. ‘सरकारी मदत’ या मुख्य कोडखाली पंचनामा, रक्कम आणि कार्यालयाच्या फेऱ्या असे तीन उपकोड आहेत आणि ते अनुक्रमे १९, १५ आणि १२ मुलाखतींत आले आहेत. बेरीज ४६ होते, मुलाखती मात्र २४. एकच माणूस तिन्ही उपकोडांत असतो, हे त्यामागचं कारण. मुख्य कोडची मुलाखतसंख्या हवी असेल तर उपकोड एकत्र करून नव्याने मोजा, आकडे हाताने मिळवू नका.

टक्केवारी

ओळीच्या टक्केवारीत गटांचा आकार झाकला जातो. १० घरमालक आणि ६ दुकानदार असताना घरमालकांचा वाटा मोठा दिसणं स्वाभाविक आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. उताऱ्यांवरच्या रकान्याच्या टक्केवारीत छेद असतो तो तक्त्यात दिसणाऱ्या कोडांच्या बेरजेचा. त्यामुळे एखादा कोड तक्त्यात वाढवला किंवा काढला की बाकी सगळ्या टक्केवाऱ्या हलतात. परवा काढलेला तक्ता आज जुळत नसेल तर सक्रिय कोडांची यादी आधी पाहा.

६ जणांच्या गटात एक माणूस म्हणजे १६.७ टक्के. असा आकडा दशांशापर्यंत छापणं वाचकाला फसवणं आहे. ‘६ पैकी ४’ असं लिहा. गटांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रीय चाचणीचा मोहही टाळा. मुलाखती हेतुपुरस्सर निवडलेल्या असतात, गट लहान असल्याने अपेक्षित वारंवारता ५ च्या खाली जाते, आणि उतारे मोजले असतील तर एकाच माणसाचे उतारे परस्परांपासून स्वतंत्र नसतात. या तिन्ही कारणांनी, चाचणीतून निघालेला पी-मूल्याचा आकडा निरर्थक ठरतो. मार्गदर्शकांनी चाचणी मागितलीच तर ही कारणं लेखी द्या. ती कुठल्याही परीक्षकापुढे टिकतात.

रिकामी चौकट

शून्य पाहून ‘या गटाला हा प्रश्न नाही’ असं लिहिण्याआधी तीन शक्यता तपासाव्या लागतात. तो विषय त्यांना खरोखर महत्त्वाचा नव्हता. तो त्यांना विचारलाच गेला नाही. किंवा ते बोलले, पण कोड सुटला.

दुसरी शक्यता सगळ्यात जास्त वेळा खरी निघते. मुलाखतीच्या प्रश्नांची यादी काम सुरू असताना बदलते, आणि बदलायलाही हवी. समजा, पंचनाम्याचा थेट प्रश्न पहिल्या ७ मुलाखतींनंतर घातला आणि त्या ७ मध्ये, या विषयावर गप्प राहिलेले दोन दुकानदार होते. मग ‘६ पैकी ४’ हा आकडा दिशाभूल करतो. विचारलेल्या ४ पैकी ४ जण बोलले आहेत. यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या विषयाला ‘विचारलं’ आणि ‘विचारलं नाही’ असं एक व्हेरिएबल ठेवा. न विचारता जे बोलले त्यांची नोंद वेगळी करा. आपणहून आलेलं बोलणं आणि प्रश्नावर आलेलं उत्तर यांचं वजन सारखं नसतं.

तिसऱ्या शक्यतेसाठी शून्य आलेल्या गटातल्या दोन मुलाखती कोडशिवाय, सरळ वरपासून खालपर्यंत वाचा. दोन पुरेशा असतात. त्यांत सुटलेला उतारा सापडला तर त्या कोडसाठी सगळ्या २४ मुलाखती परत पाहाव्या लागतील, फक्त त्या गटाच्या नव्हेत. एकाच गटात फेरतपासणी केली की तुम्ही स्वतःच फरक तयार करता.

चौकट उघडून वाचणं

इथे वेळ द्या. तक्ता काढायला मिनिटं लागतात, वाचायला दिवस.

‘पंचनामा’ आणि ‘भाडेकरू’ यांची चौकट उघडली. २० उतारे, ६ माणसं. एका उताऱ्यात आहे: ‘साहेब आले, फोटो काढून गेले.’ दुसऱ्यात: ‘पंचनाम्यात नाव मालकाचं लागलं, सामान तं आमचं गेलं जी.’ घरमालकांच्या चौकटीत पहिल्या प्रकारची वाक्यं भरपूर सापडतात, दुसऱ्या प्रकारचं एकही नाही. म्हणजे आकडे जवळपास असूनही दोन्ही गट वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलत आहेत. तो फरक क्रॉसटॅबला दिसला नाही, कारण कोडच इतका रुंद होता.

अशा वेळी कोड फोडा. ‘पंचनामा’खाली ‘कोणी आलंच नाही’, ‘नुकसान कमी लिहिलं’ आणि ‘नाव कोणाचं लागलं’ असे उपकोड करा, व्याख्या लिहा आणि सगळे ६० उतारे नव्याने वाटा. मग तक्ता परत काढा. ‘नाव कोणाचं लागलं’ या ओळीत आता घरमालक १० पैकी ०, भाडेकरू ८ पैकी ५, दुकानदार ६ पैकी ३.

दुकानदारांचे ३ का? चौकट पुन्हा उघडा, ते तिघं कोण आहेत पाहा. तिघांचीही दुकानं भाड्याची आहेत. म्हणजे हा फरक राहणारा आणि धंदा करणारा यांच्यातला नाहीच. ‘जागा स्वतःची की भाड्याची’ हे व्हेरिएबल रकान्यांत घाला. ६ दुकानदारांपैकी ४ भाड्याच्या जागेत आहेत, २ स्वतःच्या; तेव्हा स्वतःच्या जागेतले एकूण १२ आणि भाड्याच्या जागेतले १२. आता ओळ अशी दिसते: स्वतःची १२ पैकी ०, भाड्याची १२ पैकी ८. आधीच्या तिन्ही गटांपेक्षा हा तक्ता कितीतरी स्पष्ट बोलतो, आणि तो मिळाला वाचनातून.

उरलेले ४ सोडू नका. भाड्याच्या जागेत असूनही ज्यांनी नावाचा प्रश्न काढला नाही, त्यांच्या पूर्ण मुलाखती वाचा. एखाद्याच्या मालकाने स्वतः उभं राहून भाडेकरूचं नाव लिहायला लावलं असेल, एखाद्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार असेल. नियमाला न जुळणारी ही माणसंच सांगतात की नियम कशावर टिकून आहे. प्रबंधात त्यांच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवा.

वाचलेल्या प्रत्येक चौकटीचा मेमो, म्हणजे छोटं टिपण, त्याच वेळी लिहा. नाव ‘पंचनामा – भाडेकरू’ असं सरळ ठेवा. आत तारीख, किती उतारे, किती माणसं, बोलण्याचे मुख्य प्रकार, एक-दोन नेमके उतारे त्यांच्या फाईलनावासह, आणि पुढे काय तपासायचं ते. सगळ्या चौकटी वाचणं शक्य नसतं. जिथे गटांत फरक मोठा आहे, जिथे शून्य आहे, आणि जिथे फरक असायला हवा होता पण दिसत नाही, त्या चौकटी निवडा.

दोन व्हेरिएबल एकत्र घेण्याची इच्छा इथे होतेच: भाडेकरू आणि तळमजला, भाडेकरू आणि वरचा मजला. ३ गट आणि २ मजले धरले तर ६ रकाने, सरासरी ४ माणसं. त्यातून तुलना निघत नाही. एखादा रकाना वाचनासाठी वेगळा काढायला हरकत नाही, त्याचा आकडा मात्र छापू नका.

गटचर्चा असेल तर

गटचर्चेत एक फाईल आणि ८ माणसं असतात. फाईलला लावलेलं ‘भाडेकरू’ हे व्हेरिएबल आठही जणांना लागतं, मग त्यांत दोन मालक बसलेले असले तरी. लिप्यंतरात प्रत्येक बोलणं नव्या परिच्छेदात घ्या आणि सुरुवातीला बोलणाऱ्याची खूण व विसर्गासारखं विरामचिन्ह द्या, जसं ‘भ३:’. इथे मराठी विसर्ग टाइप होतो की कोलन, हे तपासा. सॉफ्टवेअर कोलनच ओळखतं. मॅक्सक्यूडीए अशी फाईल गटचर्चा म्हणून आयात केली की बोलणारे आपोआप वेगळे करतं आणि त्यांना स्वतंत्र व्हेरिएबल लावता येतात. एनव्हिवोमध्ये बोलणाऱ्याच्या नावावरून ऑटोकोड करून केस तयार होतात. ॲटलस टीआयमध्ये बोलणारेच कोड होतात, म्हणून तिथे कोड-डॉक्युमेंट तक्ता सोडून कोड एकत्र येण्याचा तक्ता वापरावा लागतो. गटचर्चा आणि एकेकट्या मुलाखती एकाच क्रॉसटॅबमध्ये मिसळू नका. गटात कोणी एकाने मुद्दा मांडला की बाकीचे मान हलवतात, आणि मान हलवण्याला कोड पडत नाही.

छापण्याआधी

तक्त्याखालच्या टिपेत चार गोष्टी हव्यात: चौकटीत उतारे आहेत की माणसं, प्रत्येक गटात एकूण किती, कोडची व्याख्या, आणि ज्यांना विचारलंच नाही त्यांचं काय केलं. एवढं असलं की परीक्षकाच्या निम्म्या शंका मिटतात.

ओळख उघड होण्याचा धोका छोट्या चौकटींत असतो. ‘डागा लेआउट, दुकानदार, तळमजला’ या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि चौकटीत १ असेल, तर त्या गल्लीतला कोणीही नाव सांगेल. अशा चौकटी शेजारच्या गटात मिसळा किंवा वस्तीचं व्हेरिएबल तक्त्यातून काढा. उतारा उद्धृत करतानाही हेच पाहा. बोलण्यात भरपाईच्या तक्रारी असतात, आणि माणसाने विश्वासाने सांगितलेलं वाक्य त्याच्याच अंगावर यायला नको.

तक्ता गोठवून ठेवा. क्रॉसटॅब प्रकल्पाशी जोडलेला असतो; उद्या एक कोड बदलला की आकडे बदलतात. ज्या दिवशीचा तक्ता प्रबंधात जाणार त्या दिवशी तो एक्सेलमध्ये निर्यात करा, कोडबुक निर्यात करा आणि पूर्ण प्रकल्पाची प्रत तारखेच्या नावाने वेगळी ठेवा. तिन्ही एकाच फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरची एक प्रत संगणकाबाहेर.